जन्मदाखला आणि गाणे

लखनौच्या सुपुत्रांची गणना होऊ लागली की तीत क्लिफ रिचर्ड या इंग्रज गायकाचे नाव कोणीतरी कौतुकाने घालतोच. आमच्या महानगर वसाहतीतून गोमती ओलांडून गेले की लागणाऱ्या किंग जॉर्ज रुग्णालयात १४ ऑक्टोबर १९४० रोजी त्याचा जन्म झाला. मूळ नाव हॅरी रॉजर वेब. वडील आगगाडीच्या प्रवाशांच्या भोजनव्यवस्थेत नोकरीस होते. १९४८ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि दहा वर्षांनी त्या मुलाची पहिली तबकडी निघाली. तिच्यातील ‘मूव्ह इट’ हे गीत इंग्लंडचे पहिले अस्सल रॉक गीत म्हणून आज मानले जाते. लखनौचा हक्क जन्माचा आणि इंग्लंडचा संगोपनाचा. या दोन हक्कांच्या वादात खुद्द गाणे मात्र ऐकावयाचे राहून जाते.

या गीताच्या स्वागताचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. क्लिफच्या ‘ड्रिफ्टर्स’ या वाद्यवृंदातील गिटारवादक इयन सॅमवेल याने ते तालमीला जाताना बसमध्ये रचले. ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार नॉरी पॅरामोर यांचा भरवसा एका अमेरिकन गायकाने आधीच गायिलेल्या ‘स्कूलबॉय क्रश’ या गुळगुळीत गीतावर होता. ऑगस्ट १९५८ मध्ये तबकडी निघाली तेव्हा दर्शनी बाजू त्याच गीताला मिळाली आणि ‘मूव्ह इट’ मागील बाजूस गेले. दूरचित्रवाणीवरील ‘ओ बॉय!’ या कार्यक्रमाचे निर्माते जॅक गुड यांनी तबकडी उलटून ऐकली आणि हेच गीत सादर झाले पाहिजे असा हट्ट धरला. पुढे लोकांनी ते विक्रीच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत नेले. अधिकाऱ्याने टिपणावर मारलेला शेरा खालच्या कारकुनाने नव्हे, तर थेट जनतेने फिरवावा, असाच हा प्रकार होता!

टीकाकारांचे आक्षेप दोन होते. पहिला असभ्यतेचा. क्लिफच्या अंगविक्षेपांवर लंडनच्या संगीतविषयक पत्रांतून कोरडे ओढले गेले. तो आक्षेप कालौघात विरून गेला आहे. दुसरा आक्षेप अनुकरणाचा असून तो अधिक गंभीर आहे. एल्व्हिस प्रेस्लीची छाया इतकी गडद होती की, गुड यांनी क्लिफला कानापुढचे कल्ले उतरवावयास आणि हातातील गिटार खाली ठेवावयास लावले.

अनुकरण येथे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शब्द ओढून, अर्धवट गिळून उच्चारण्याची लकब उघडउघड अमेरिकन आहे. रचनाही तोकडी आहे: एकच कडवे दोनदा म्हटले आहे. परंतु आरंभी गिटारवरून एक तुकडा घरंगळत खाली येतो आणि लगेच दाबलेल्या तारांचा एकसुरी, धावता ठेका सुरू होतो, तेथेच ऐकणाऱ्याची खात्री पटते की, ही मुले कोणाची नक्कल करून दाखवीत नाहीत. हे संगीत म्हणजे चार दिवसांचे खूळ, असे म्हणणाऱ्या प्रौढांना हे गीत प्रत्युत्तर देते. सतरा वर्षांच्या त्या कंठात त्या प्रत्युत्तराची निकड आहे. अडीच मिनिटांच्या आत ते संपते आणि कोठेही अवघडून थांबत नाही. उसन्या भाषेत मनापासून बोललेले वाक्य उसने राहत नाही, याचा हा लहानसा, पण पक्का पुरावा होय.

ही गोष्ट आपणास नवी वाटू नये. याच लखनौत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली संगीत महाविद्यालय निघाले. पुढे त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ भूषविणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर जन्माने मुंबईचे होते; त्यांनी तालीम घेतली ती बडोद्यास आग्रा घराण्याच्या फैय्याज खाँसाहेबांकडे आणि शिष्य घडविले ते येथे. त्यांचे गाणे मुंबईचे, आग्र्याचे की लखनौचे? प्रश्नच विचित्र वाटतो, कारण गुरूच्या गळ्याचे अनुकरण ही आपल्याकडे शिक्षणाची पहिली पायरीच मानली जाते. मग तीच पायरी इंग्लंडमधल्या पोरांनी तबकडी ऐकून ऐकून चढली, तर तिला आपण उसनवारी का म्हणावे?

तेव्हा लखनौने क्लिफ रिचर्डचा अभिमान जरूर बाळगावा. पण ‘मूव्ह इट’मध्ये लखनौ शोधू नये, कारण त्यात ते नाही. बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही हाच न्याय लावला पाहिजे. त्यांनी येथली ठुमरी आळवली किंवा परदेशी गिटार छेडली, तर ‘यात मराठी काय?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. सूर खरा लागला का, हे आधी ऐकावे.