जानकी भेटणार नाही, तरी जा

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (2016) बघितलाय? कुडव्याला घरी आले की मी तो पुन्हा लावते. जानकी त्या खचलेल्या मुलावर प्रश्नांचा भडिमार करत नाही, हे मला फार पटतं. पण माया म्हणजेच उपचार, असा समज चित्रपट मागे ठेवतो. मग पहिल्या भेटीत समुपदेशक झोप, भूक, घर, औषधं विचारतात तेव्हा आपण हिरमुसतो. दुसऱ्यांदा जातच नाही. खरं तर ती सुरुवात असते. पुढे ठरलेला पाऊण-एक तास, गोपनीयता (जिवाला धोका असल्यास तिलाही मर्यादा) आणि आपणच करायचं बरंचसं काम. पीएचडीआधी एवढं माहीत असू द्या. अडलंच तर टेलि-मानस: 14416, मोफत.