जाड नळ्यांची हलकी सायकल

जुन्या पोलादी रेसिंग सायकलची सडपातळ ऐट ज्याच्या डोळ्यांत बसली आहे, त्याला कॅननडेलची ‘कॅड१०’ पहिल्या भेटीत फारशी आवडणार नाही. खालची तिरकी नळी चांगली जाडजूड, हँडलखालचा माथा रुंद, पेडलांच्या आसाभोवतीचा भाग भक्कम. भिंतीला टेकून उभी असताना ती वजनदारच वाटते. उचलून पाहिली की अंदाज साफ चुकतो. मधल्या मापाच्या नुसत्या फ्रेमचं वजन कंपनीने सुमारे ११५० ग्रॅम सांगितलं होतं. डोळे एक सांगतात, हात दुसरंच. २०११च्या हंगामासाठी बाजारात आलेली ही ॲल्युमिनियमची रोड बाइक माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर बसण्याइतकाच तिच्याकडे नीट पाहण्यातही आनंद आहे. कारण तिच्यातली प्रत्येक जाडी, प्रत्येक चपटेपणा कशाचं तरी उत्तर आहे.

डोळे आणि हात यांच्यातल्या विसंगतीचं मूळ धातूच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. ताठपणाही एक तृतीयांशच. पोलादी नळीच्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर वजन एक तृतीयांशावर येतं, पण ती तिप्पट वाकते. म्हणजे एका हाताने घेतलं ते दुसऱ्या हाताने गेलं. इथे भूमिती मदतीला येते. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं आणि वाकण्याला होणारा विरोध आठपट. आता हिशेब मांडा. पोलादी नळीचं वजन आणि ताठपणा दोन्ही एक धरले, तर दुप्पट व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीचं वजन दोन तृतीयांश भरतं आणि ताठपणा अडीचपटीहून अधिक. या सायकलच्या अंगलटीमागे एवढंच गणित आहे.

गणित सोपं असलं तरी सायकल बनवणाऱ्यांना ते पचायला वेळ लागला. इटलीतल्या अलान कंपनीने १९७०च्या दशकात ॲल्युमिनियमच्या फ्रेम आणल्या, फ्रान्समधून ‘व्हिटस ९७९’ आली. दोन्हींच्या नळ्या पोलादी सायकलींसारख्याच बारीक. त्या हलक्या होत्या, पण जोर लावला की लवायच्या. तरी आयर्लंडच्या शॉन केलीने व्हिटसवर मोठमोठ्या शर्यती मारल्या. त्यातलं बरंचसं श्रेय त्याच्या पायांचं. जाड नळीचा रस्ता अमेरिकेत सापडला. एमआयटीत शिकणाऱ्या गॅरी क्लाइनने १९७०च्या दशकात मोठ्या व्यासाच्या नळ्यांची फ्रेम बनवली आणि पुढे स्वतःच्या नावाने सायकली काढल्या. कॅननडेल ही जो माँटगोमेरीने १९७१मध्ये सुरू केलेली कंपनी. कनेटिकट राज्यातल्या एका छोट्या रेल्वे स्थानकाचं नाव तिने घेतलं होतं. सुरुवातीला ती सायकलमागे ओढायची गाडी आणि भटकंतीचं सामान विकायची. १९८३मध्ये तिने पहिली सायकल आणली, तीही जाड नळ्यांची. आधी हिणवला गेलेला तो जाडपणा पुढे तिची ओळख झाला.

पुढची काही वर्षं ॲल्युमिनियमची होती. १९९८मध्ये मार्को पान्तानीने जिरो दितालिया आणि टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या, त्या बियांकीच्या ॲल्युमिनियमच्या सायकलवर. १९९९च्या टूरमध्ये साएको संघाच्या मारिओ चिपोलिनीने सलग चार टप्पे जिंकले, ते कॅननडेलवर. त्यातला लाव्हाल ते ब्ल्वा हा टप्पा ताशी ५०.३५५ किलोमीटरच्या सरासरीने पार झाला होता. मग कार्बन आला आणि पाहता पाहता बड्या शर्यतींतून ॲल्युमिनियम बाजूला झालं. कॅड१० ही त्यानंतरची निर्मिती. धातूची फॅशन सरल्यावर, कोणी विश्वविजेता तिच्यावर बसणार नाही हे ठाऊक असताना ती घडवली गेली. म्हणूनच तिच्यात प्रौढ कारागिरीचा शांतपणा आहे. ती कोणाला चकित करायला निघालेली नाही. हौशी शर्यतपटूला परवडावी, पडली-आपटली तरी त्याचं दिवाळं निघू नये आणि वळणावर तिने त्याला दगा देऊ नये, एवढंच तिला साधायचं आहे.

आता जरा जवळून पाहू. खालच्या नळीवर नखाने टिचकी मारत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. सांध्याजवळ आवाज बद्द येतो, मध्यावर तो मोकळा होतो. कारण नळीची भिंत टोकांना जाड आहे आणि मध्ये पातळ. ताण टोकांना अधिक येतो, वेल्डिंगची धगही तिथेच लागते. मधल्या भागात जास्तीचा धातू ठेवला तर तो नुसता ओझ्याचा. बाहेरून सरळ दिसणाऱ्या नळीच्या आत असा विचार दडलेला आहे. माथ्याजवळच्या सांध्यावर बोट फिरवलं तर वेल्डिंगच्या लाटा जेमतेम लागतात. माथ्याची नळी वर निमुळती, खाली रुंद, कारण ब्रेक मारल्यावर चिमट्याचा सगळा रेटा खालच्या बेअरिंगवर येतो. पुढच्या भागात अशी सगळी शिस्त. मागे गेलं की भाषा मऊ होते. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या दोन्ही जोड्या बारीक आणि चपट्या केल्या आहेत, की पेडलाचा जोर आडवा वाया जाऊ नये, पण खड्ड्याचा धक्का उभ्या दिशेने थोडा जिरावा. सीटची दांडीही २७.२ मिलिमीटरची, म्हणजे बारीकच. समोर करारी आणि मागे किंचित नरम, असा तिचा स्वभाव आहे.

मला सगळ्यात आवडलेला तपशील मात्र एका छोट्या तुकड्याचा. गिअर बदलणारा मागचा डिरेलर थेट फ्रेमवर बसत नाही. मध्ये बोटाएवढी एक वेगळी पट्टी स्क्रूने लावलेली असते, तिला हँगर म्हणतात. पोलादी सायकल उजव्या अंगावर पडली आणि तिथला भाग वाकला, तर कारागीर तो पुन्हा सरळ करून देतो. ॲल्युमिनियम असं वाकवून घेत नाही, ते तुटतं. म्हणून वाकायचं किंवा तुटायचं काम या पट्टीकडे सोपवलेलं आहे. तेवढा तुकडा बदलला की फ्रेम शाबूत. स्वतःच्या धातूची उणीव ओळखून तिची सोय आधीच करून ठेवणं, हे चांगल्या रचनेचं लक्षण.

ही उणीव खोलवरची आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. छोटे छोटे ताणही त्याच्या खात्यावर जमा होत राहतात. म्हणून रचनाकाराला ते फार वाकू देता येत नाही. शिवाय वेल्डिंगच्या धगीने सांध्याजवळचा धातू मऊ पडतो. तो पुन्हा कणखर व्हावा म्हणून अशा मिश्रधातूची अख्खी फ्रेम ५०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात, झटकन थंड करतात, ती मऊ असतानाच सरळ करून घेतात आणि मग कमी तापमानाच्या भट्टीत काही तास मुरवतात. म्हणूनच तडा गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊन भागत नाही.

इथे या सायकलचा सगळा तर्क एका ओळीत उभा राहतो. धातू थकणारा, म्हणून तो वाकता कामा नये. वाकू नये म्हणून नळ्या जाड. नळ्या जाड, म्हणून सायकल ताठ. आणि सायकल ताठ, म्हणून आराम दुसरीकडे कुठेतरी शोधायला हवा. ॲल्युमिनियमची सायकल ‘हाडं खिळखिळी करते’ अशी तिची जुनी बदनामी आहे. या बदनामीत तथ्य आहे, पण ती करणारे बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. आराम शोधण्याचं काम कारखान्याने मालकावर सोडलं आहे आणि त्याची साधनं त्याच्याच हातात आहेत.

पहिलं साधन टायर. फ्रेम उभ्या दिशेने लवते ती एखाद-दोन मिलिमीटर. टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. पूर्वी २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा ठासून भरायची रीत होती. टणक टायर वेगवान वाटतो खरा, पण खडबडीत डांबरावर तो प्रत्येक खड्यावरून उडी मारतो आणि त्या उड्यांत पायांची ताकद वाया जाते. सत्तरेक किलोच्या स्वाराने या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरचे चांगले मऊ टायर घालावेत, पुढे ७५ आणि मागे ८०च्या आसपास हवा ठेवावी, आणि तिथून पाच-पाच पीएसआयने वरखाली करून पाहावं. पुढे कमी, कारण शरीराचा भार मागच्या चाकावर जास्त. पुण्याच्या रस्त्यांवर एवढ्या एका बदलाने सायकल बदलल्यासारखं वाटतं.

दुसरं साधन बैठक. टाच पेडलवर ठेवून पेडल खालच्या टोकाला नेलं की पाय सरळ व्हावा, मग नेहमीसारखा चवडा ठेवल्यावर गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. ही सुरुवात झाली. पुढची जुळवणी दोन-तीन मिलिमीटरच्या टप्प्यांनी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून करावी; सीट, स्टेम आणि हँडल एकदम हलवलं तर गुडघा कशाने दुखतोय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक टप्प्यानंतर आठवडाभर चालवावी. पाठ, मनगट आणि गुडघा बोलतात, त्यांचं ऐकावं. बरोबर जुळलेल्या बैठकीची खूण अशी की स्वाराला आपल्या बैठकीची आठवणच होत नाही.

आरामानंतर गिअर, आणि त्यांची जुळवणी हे सर्वांत नाजूक काम. अकरा दातेरी चकत्यांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांतलं अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असतं; तेवढ्यात साखळीने न अडखळता घर बदलायचं. इथे क्रम पाळावा लागतो. आधी हँगर सरळ आहे ना ते पाहायचं. मग दोन्ही टोकांचे मर्यादेचे स्क्रू, म्हणजे साखळी एका बाजूने फ्रेमवर आणि दुसऱ्या बाजूने आऱ्यांत जाणार नाही. मग तारेचा ताण, तोही बॅरल पाव-पाव फेरा फिरवून. शेवटी डिरेलरच्या वरच्या पुलीचं कॅसेटपासूनचं अंतर. क्रम चुकला तर प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीवर पाणी फिरवते. क्रम पाळला तर एका क्षणी खटखट थांबते आणि फक्त साखळीची सलग सरसर उरते. साखळीही मोजत राहावी. बारा इंच लांबीत ती एक षोडशांश इंच वाढली की बदलावी, नाहीतर ती कॅसेटलाही सोबत घेऊन जाते. चाकाचा आउट काढणं जमलं तर उत्तम; न जमलं तर जाणत्या कारागिराकडे द्यावं, त्यात कमीपणा नाही.

या सायकलची एक खोड मात्र धीर पाहते. जाड, पातळ भिंतीच्या पोकळ नळ्या ढोलासारख्या घुमतात. कुठेतरी बारीकशी करकर झाली की ती सगळ्या फ्रेमभर पसरते आणि पेडलांच्या आसातून येतेय असं वाटतं. बहुतेकदा चोर भलताच असतो: कोरडं पडलेलं पेडल, सीटची पकड, दातेरी चक्राचा बोल्ट, मागच्या चाकाचा दांडा. एकेक भाग काढायचा, पुसायचा, जिथे लागतं तिथे ग्रीस लावायचं आणि पुन्हा चालवून पाहायची. चढावर बसून पेडल मारताना येणारी करकर उभं राहिल्यावर थांबली, तर पहिला संशय सीटवर. अशा तपासातून मालकाला सायकलची रचना जितकी कळते, तितकी माहितीपत्रकातून कळत नाही.

आपल्या हवेत एक काळजी अधिक घ्यावी लागते. घाम, पावसाचं पाणी आणि किनाऱ्याची खारी हवा यांच्या संगतीत ॲल्युमिनियमला पोलादी स्क्रू किंवा कार्बनची दांडी चिकटून राहिली, तर सांध्यात गंज चढून ती कायमची जखडते. पावसाळ्याआधी आणि नंतर सीटची दांडी बाहेर काढावी, पुसावी. धातूची असेल तर ग्रीस लावावं, कार्बनची असेल तर त्यासाठीची खास पेस्ट. स्टेमचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने, लिहिलेल्या आकड्यापर्यंतच आवळावेत. तो साधारण पाच न्यूटन-मीटर असतो, आणि हाताच्या अंदाजाला तो नेहमीच कमी वाटतो. धुताना माथ्याच्या खालची बाजू, पेडलांच्या आसाभोवतीचे सांधे आणि सीटची जोडणी उजेडात नीट पाहावी. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती वाढत असली, तर त्या फ्रेमवर पुन्हा बसू नये.

दोषही सांगायला हवेत. जाड टायरला, चिखलरोधकांना, सामानाच्या कॅरिअरला इथे जागा नाही. कच्च्या रस्त्यावर ती लवकर थकवते. दिवसभर आरामात भटकायचं असेल, तर पोलादी सायकल अधिक समंजस. पण घाटाच्या पायथ्याशी उभं राहून पेडलवर जोर टाकल्याबरोबर पुढे झेपावणं आणि उतारावर वळण घेताना आखलेल्या रेषेवरून न हलणं, या दोन बाबतींत ती आपल्या किमतीच्या बऱ्याच वर खेळते.

म्हणून रोड बाइक घ्यायला निघालेल्याला माझं सांगणं सरळ आहे. हातातले सगळे पैसे स्वस्तातल्या कार्बन फ्रेममध्ये अडकवण्यापेक्षा नीट बनवलेली ॲल्युमिनियमची फ्रेम घ्या. उरलेल्या पैशांतून चांगले टायर, आपल्या मापाचं स्टेम, एक टॉर्क पान्हा आणि दाब दाखवणारा पंप घ्या. पहिले काही महिने वेगाचा विचार न करता ती जुळवत राहा. कारखान्याने तिला अर्धं घडवलेलं असतं; उरलेलं अर्धं तुमच्याकडून व्हायचं आहे.