कारण पटलं, पण पुरावा मिळाला का? (नेडर आणि कॉर्व्हेअर)

मागच्या महिन्यात घरी कासूला गेलो होतो. हायवेच्या कडेला ओळखीच्या काकांचं गॅरेज आहे. तिथे गोव्याला निघालेल्या कुणा मुंबईकराची जुनी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार उभी होती. तक्रार अशी की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. तीनदा अलाइनमेंट झालेलं, तिन्ही स्लिपांवर सगळे आकडे हिरवे.

काकांनी स्लिपा बाजूला ठेवल्या. आधी हवा तपासली. मग पुढचे दोन टायर आपसात बदलून गाडी चालवली. ओढ डावीकडेच राहिली, म्हणजे टायरचा दोष नाही. चाकं हाताने फिरवून पाहिली, ब्रेक कुठे अडकत नव्हता. शेवटी जॅक लावून लोअर आर्मला पहारीने रेटा दिला, तर बुश फाटलेला. म्हणाले, "मशीनवर गाडी उभी असते रे. ब्रेक मारला की हा आर्म सरकतो, तेव्हा कुठलं अलाइनमेंट?"

हे बघताना मला राल्फ नेडरचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' (१९६५) आठवलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी याचं पहिलं प्रकरण वाचावंच, पण पेन्सिल हातात घेऊन.

हे प्रकरण शेवरले कॉर्व्हेअरवर आहे. १९६० ते ६३ च्या या गाडीला मागे स्विंग अ‍ॅक्सल होता. वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला की चाकाचा खालचा भाग आत दुमडतो, टायरची पकड कमी होते आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. यावर कंपनीचा उपाय म्हणजे हवेतला फरक: पुढे १५ पीएसआय, मागे २६. पुढचे टायर मऊ ठेवले की वळणावर पुढची बाजू आधी घसरते आणि मागची सांभाळली जाते. आता विचार करा, आपल्या पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा काय करतो? चारही चाकांत तीस-तीस! ग्राहकाच्या लक्षात राहण्यावर सुरक्षितता सोडणं हा डिझाइनचाच दोष, हा नेडरचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. १९६४ मध्ये कंपनीने पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवा पाटा दिला, १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं.

मग माझी तक्रार काय? नेडर यंत्रणा समजावतो, अपघातांच्या गोष्टी सांगतो आणि आपल्याला वाटतं की सिद्ध झालं. पण त्याच काळातल्या इतर गाड्यांपेक्षा कॉर्व्हेअर जास्त उलटत होती का? स्विंग अ‍ॅक्सल तर फोक्सवॅगन बीटललाही होता. ही तुलना प्रकरणात नीट येत नाही. पुढे अमेरिकेच्या सुरक्षा खात्याने चाचण्या घेऊन १९७२ मध्ये सांगितलं की ही गाडी समकालीन गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती.

इथे दुसरी चूक करू नका. 'इतरांइतकीच' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. अहवालाने नेडरच्या तुलनेला उत्तर दिलं, हवेच्या मुद्द्याला नाही.

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सिग्नल खराब येत होता. मी सेन्सर आणि सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदललं. सिग्नल सुधारला आणि मी सेन्सरचं कारण झोकात लिहून टाकलं. गाईडनी एकच प्रश्न विचारला: "जुना सेन्सर परत लावून पाहिलास?" नव्हता लावला. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

काकांनी टायर बदलले तेव्हा फक्त टायर बदलले, बाकी गाडी तशीच. बुश बदलल्यावरच अलाइनमेंट केलं, तेही आधी मागच्या चाकांचं आणि मग पुढच्या. झीज तशीच ठेवून कोन जुळवले तर ती दुरुस्ती नसते, नुसती हिरवी स्लिप असते.

तुमच्या प्रपोजलमधलं कारण कितीही पटणारं असो, त्याच्यासमोर लिहा: हे खोटं असेल तर मला काय दिसेल? उत्तर सुचलं नाही, तर प्रयोग अजून सुरू करू नका.