निनावी डॉक्टर मित्र

२५ जानेवारी २०२० हा चिनी नववर्षाचा पहिला दिवस. आप्तेष्टांनी एकत्र जमावे असा हा सण. पण वुहान शहराच्या वेशी दोनच दिवसांपूर्वी साथीमुळे बंद झाल्या होत्या. त्या दिवशी फांग फांग या कादंबरीलेखिकेने वेइबो या समाजमाध्यमावर रोजनिशी लिहावयास घेतली. त्या साठ टिपणांचे पुढे पुस्तक झाले. मायकेल बेरी यांच्या इंग्रजी भाषांतरातून मी ते वाचले.

‘फांग फांग’ हे टोपणनाव. परंतु चिनी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे. भाजीपाला, औषधे, शेजारपाजार यांविषयी बाई अगदी घरगुती सुरात लिहितात आणि मध्येच शांतपणे विचारतात, या अनर्थाला जबाबदार कोण? हा सूर हीच या लेखनाची खरी मिळकत. टिपणे काढून टाकली जात, तेव्हा वाचकच ती उतरवून घेऊन पुन्हा पसरवीत.

माझा आक्षेप एकच आहे. बाईंना इस्पितळातील बातम्या पुरविणारे डॉक्टर मित्र निनावी आहेत. ‘कोणीतरी सांगितले’ ही साक्ष मी वर्गात मुलांचीही मान्य करीत नाही. विरोधकांनी नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. भाषांतराची वार्ता येताच बाईंना देशद्रोही ठरविण्यापर्यंत काहींची मजल गेली.

पण वाचकहो, ते नाव छापले असते तर? डॉक्टर ली वेनलियांग यांनी वर्गमित्रांच्या खाजगी गटात साथीची सूचना दिली, तर ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते त्याच रोगाने गेले. शिवाय २०१७ साली अमलात आलेल्या कायद्याने अशा माध्यमांवर लिहिणाऱ्याला आपली खरी ओळख नोंदवावीच लागते. म्हणजे टोपणनावाचा बुरखा इतर वाचकांपुरताच. सरकारदरबारी तोंड उघडेच!

हे ध्यानी घेतले, की तो बिनचेहऱ्याचा मित्र पुस्तकातील सर्वांत बोलके पात्र वाटू लागतो. त्याचे नाव नसणे हीच वुहानची बातमी आहे. कलादृष्ट्या ते वैगुण्य खरेच. परंतु ते लेखिकेचे नव्हे, परिस्थितीचे आहे. ज्यांना स्वतःच्या नावाने बोलण्याची सोय नव्हती, त्यांना बाईंनी आपले नाव उसने दिले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. नागरिकाचे कर्तव्य याहून निराळे ते काय असते?