निनांवी दुखणें आणि जोडीदाराची साक्ष

दुखण्याचें नांव कळलें म्हणजे घरांतील माणसांस अर्धा धीर येतो. क्षय, मधुमेह, विषमज्वर हीं नांवें सुखाचीं नव्हेत. तथापि ज्या दुखण्यास नांव आहे त्याचें पथ्य ठरतें, खर्चाचा अजमास बांधतां येतो, आणि विचारपूस करावयास आलेल्या मंडळींस कांहीं तरी उत्तर देतां येतें. निनांवी दुखण्याची गोष्ट निराळी. रक्त तपासलें, क्ष-किरणांचीं चित्रें काढलीं, सर्व यथास्थित आहे असा निर्वाळा मिळाला, आणि तरीहि बायको अंथरुणावरून उठत नाहीं, अशा घरांत दोन-चार महिन्यांनीं एक प्रश्न हळूच पाऊल टाकतो: हिला खरोखर कांहीं होतें आहे ना? आजारी नवरा असला तर हाच प्रश्न बायकोच्या मनांत येतो. अशा वेळीं जोडीदारानें काय करावें, याचा विचार करावयास लावणाऱ्या दोन कृति आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. दोन्ही अमेरिकेंतील असून त्यांच्यामध्यें सव्वाशें वर्षांचें अंतर आहे.

पहिली कृति म्हणजे शार्लट पर्किन्स गिल्मन यांची 'दि यलो वॉलपेपर' ही १८९२ सालीं प्रसिद्ध झालेली कथा. नायिकेचा नवरा जॉन हा डॉक्टर. तिचा भाऊहि डॉक्टर. तात्पुरती उदासीनता आणि किंचित् हिस्टेरियाची प्रवृत्ति यापलीकडे हिला कांहीं नाहीं, असें दोघांचें एकमत. भाड्यानें घेतलेल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, खिडक्यांना गज असलेल्या खोलींत तिला विश्रांतीसाठीं ठेवण्यांत येतें आणि लिहिणें वर्ज्य ठरतें. ही चिकित्सा कल्पनेंतली नव्हे. गिल्मनबाईंवर १८८७ सालीं फिलाडेल्फिया येथील डॉक्टर वियर मिचेल यांनीं हाच उपचार केला होता. होतां होईल तों घरसंसारांत राहावें, बौद्धिक काम दिवसाकांठीं दोन तासांहून अधिक करूं नये, आणि लेखणीला जन्मांत पुन्हां हात लावूं नये, असा त्यांचा सल्ला होता, असें बाईंनीं १९१३ सालीं स्वतः लिहून ठेवलें आहे.

या कथेंतील जॉनला जुलमी नवऱ्याचा नमुना ठरविण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें तो वरवरच्या वाचनाचा परिणाम होय. जॉन बायकोला टाकून बोलत नाहीं. तिला उचलून वर नेतो, निजवितो, आणि जवळ बसून तिचें डोकें शिणेपर्यंत वाचून दाखवितो. त्याच्या मायेविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. परंतु निदान त्यानें आधींच करून टाकल्यामुळें बायकोचा शब्द त्याला पुरावा म्हणून ऐकूंच येत नाहीं, तो केवळ लक्षण म्हणून ऐकूं येतो. ती जितकी तक्रार करील तितकें त्याचें निदान पक्कें होतें. कथेचा भयंकरपणा आम्हांस येथें वाटतो. कारण दुष्ट नवरा ओळखतां येतो, पण खात्री असलेला प्रेमळ नवरा ओळखणें कठीण. शेवटीं भिंतीच्या कडेनें सरपटणारी बायको पाहून जॉन बेशुद्ध पडतो. जें पाहावयाचें त्यानें इतके दिवस टाळलें, तें एकदम दृष्टीस पडल्यावर दुसरें काय होणार?

दुसरी कृति म्हणजे जेनिफर ब्रिया यांचा 'अनरेस्ट' हा २०१७ चा अनुबोधपट. चित्रपटास वाङ्मयाच्या पंक्तीस बसविणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु हें अंथरुणावरून सांगितलेलें आत्मचरित्रच आहे. हार्वर्ड विद्यापीठांत संशोधन करणाऱ्या, नुकतेंच लग्न ठरलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या ब्रियाबाईंना एके दिवशीं १०४.७ अंश ताप आला आणि त्यानंतर त्या पूर्ववत् झाल्या नाहींत. बऱ्याच फेऱ्यांनंतर एका मज्जातंतुतज्ज्ञानें हा 'कन्व्हर्शन डिसऑर्डर' आहे, म्हणजे मनांतील कोणता तरी विसरलेला आघात शरीरांतून बोलत आहे, असें सांगितलें. त्या निदानाची परीक्षा पाहावी म्हणून बाई दोन मैल चालत घरीं आल्या, दारांत कोसळल्या, आणि पुढची दोन वर्षें बहुतेक अंथरुणाला खिळून राहिल्या. पुढें त्या दुखण्याला 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' हें नांव मिळालें. श्रम केल्यावर सर्वच लक्षणें बळावणें ही त्याची मुख्य खूण. म्हणजे परीक्षा म्हणून केलेलें चालणेंच विषासारखें बाधलें.

हें बळावणें पुष्कळदां श्रमानंतर लगेच होत नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं होतें. डॉक्टरापुढें रुग्ण बसतो त्या पाव तासांत तें दिसावें कसें? आपल्या आयुर्वेदांतील निदानपंचकांत 'उपशय' म्हणून एक साधन सांगितलें आहे: कशानें बरें वाटतें आणि कशानें वाढतें, यावरून रोग ओळखणें. तें साधन घरांतल्या माणसाच्या हातीं असतें. ब्रियाबाईंचे पति ओमार वासो हे राज्यशास्त्राचे अध्यापक. वैद्यकाचा त्यांना गंध नाहीं. तथापि जॉनपाशीं नसलेली एक गोष्ट त्यांच्यापाशीं आहे: ते पाहतात आणि पाहिलेलें नाकारीत नाहींत. बुरशीच्या संशयावरून अंगणांत तंबू ठोकून राहण्याची पाळी आली तरी ते बायकोची थट्टा करीत नाहींत.

येथें एक आक्षेप येईल. मनामुळें शरीर आजारी पडतें हें खोटें आहे काय? खोटें नाहीं, तशीं दुखणीं खरीं असतात आणि तीहि सहानुभूतीस पात्र असतात. आमचा रोष त्या नांवावर नसून, कांहींच सांपडलें नाहीं म्हणजे तें नांव चिकटवून शोध बंद करण्याच्या संवयीवर आहे. १९५५ सालीं लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळांतील दोनशेंहून अधिक कर्मचारी अशाच दुखण्यानें पडले. १९७० सालीं दोघां मानसतज्ज्ञांनीं, रुग्णांस न तपासतां, जुन्या नोंदींवरून तो सामुदायिक हिस्टेरिया ठरविला. आणि रोग्यांत स्त्रियांचा भरणा अधिक, हा त्यांच्या पुराव्याचा एक भाग होता! अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननें हा शारीरिक रोग आहे असा स्पष्ट अहवाल दिला तो २०१५ सालीं. तेथें त्याचे आठ लक्ष छत्तीस हजार ते पंचवीस लक्ष रोगी असून बहुतेकांस निदानच मिळालेलें नाहीं, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

'अनरेस्ट' मध्यें उणीव नाहीं असें नव्हे. वासो यांचें मन आंतून कसें झिजलें हें पुरेसें कळत नाहीं. कॅमेरा बायकोच्या हातीं असल्यामुळें नवऱ्याची बाजू अर्धी राहते. ती बाजू दुसऱ्या एका दांपत्याच्या कथेंत उघडी पडते. तेथील नवरा बायकोच्या दुखण्यावर विश्वास न ठेवतां घर सोडून जातो, आणि पुढें परत येतो. हा भाग आणखी विस्तारानें यावयास हवा होता.

चित्रपटानंतरची हकीकतहि सांगितली पाहिजे. कवटी आणि मान यांचा सांधा अस्थिर असल्याचें आढळून शस्त्रक्रिया झाली व लक्षणें निमालीं, असें ब्रियाबाईंनीं २०१९ सालीं जाहीर केलें. एका रोग्याच्या अनुभवावरून सर्वांसाठीं उपाय काढूं नये, हें उघड आहे; पण कष्टानें मिळालेलें नांवहि शेवटचें नसतें, एवढें त्यावरून दिसतें. रोगाचें नांव सांगतां आलें नाहीं म्हणून वैद्यानें लाजूं नये, कारण सर्व रोगांस ठरलेलीं नांवें नसतात, असा चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अभिप्राय आहे. "ठाऊक नाहीं" असें म्हणणारा वैद्य शोधाचें दार उघडें ठेवतो. जोडीदारानें त्या दारांत उभें राहावें: दिसेल तें तारीखवार टिपावें, रुग्णाचा शब्द तसाच वैद्यापुढें मांडावा, आणि न्यायाधीशाचें काम अंगावर घेऊं नये.

ज्यांच्या घरीं असें दुखणें आहे त्यांनीं ह्या दोन्ही कृति अवश्य पाहाव्या. ज्यांच्या घरीं नाहीं, आणि शेजारच्या घरांतील दुखण्यासंबंधीं "सारे मनाचे खेळ" असें जे सहज बोलून जातात, त्यांनीं त्या आधीं पाहाव्या.