‘निवृत्ती’ या शब्दाची मर्यादा

अवयव गमावल्यानंतरचे जगणे हा वाङ्मयाला नवा विषय नव्हे. परंतु गमावलेल्या अवयवांपैकी कोणता वाङ्मयाला दिसतो आणि कोणता दिसत नाही, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो विचारण्यास जयपूर हे योग्य स्थळ आहे. तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय घडविला. विलायती कृत्रिम पायाला बूट लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, चिखलातून अनवाणी चालता येत नसे. जयपूरच्या पायाचे खरे श्रेय असे, की जिच्या अंगी तो बसवावयाचा त्या व्यक्तीच्या जगण्याचे माप त्याने आधी घेतले. नर्तकी सुधा चंद्रन यांच्या आयुष्यावर १९८५ मध्ये ‘मयूरी’ हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि या पायाला लोककथेचे स्थान प्राप्त झाले.

त्याच जयपूरला लागून असलेल्या दौसा जिल्ह्यातून पुढे एक वेगळीच हकीकत बाहेर आली. तेथील खाजगी रुग्णालयांतून तरुण ग्रामीण स्त्रियांची गर्भाशये अनावश्यक रीतीने काढली जात असल्याच्या तक्रारी २०१० नंतर पुढे आल्या. राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ५ एप्रिल २०२३ रोजी तिचा निकाल लागून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश झाला. मराठी वाचकाला येथे बीड जिल्हा आठवल्यावाचून राहणार नाही. ऊसतोडणीस जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या शासकीय पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. या प्रकरणांची चर्चा कायद्याच्या, मजुरीच्या आणि वैद्यकीय नीतीच्या अंगाने झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु टाके सुकल्यानंतर त्या स्त्रीचे पुढले वीस वर्षांचे जगणे कसे असते, हा प्रश्न वाङ्मयाचा होता. आणि तो जवळजवळ अनुत्तरित राहिला.

याचे एक कारण भाषेतच आहे. मराठीत या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. हा शब्द घरगुती आहे, सोसलेला आहे, आणि म्हणूनच त्याचा अधिकार मोठा आहे. पण तो एक गोष्ट झाकून ठेवतो. केवळ गर्भाशय काढले की बीजांडकोशही काढले, हे ‘पिशवी’ या शब्दातून कळत नाही. आणि पुढचे सारे आयुष्य तर याच भेदावर ठरते. गर्भाशय गेले तर पाळी थांबते. बीजांडकोश राहिले असतील तर ते आपले काम, काहीशा अल्प मुदतीने का होईना, चालू ठेवतात. तेही गेले म्हणजे एक-दोन दिवसांत शरीरातील इस्ट्रोजेन कोसळते. अंगातून उसळणारे गरम लोट, मोडलेली झोप, कोरडेपणा, पुढे ठिसूळ होणारी हाडे आणि हृदयाला वाढलेला धोका हे सारे तिशी-पस्तिशीतल्या स्त्रीच्या वाट्याला येते. आपले काय काढले हेच जिला सांगता येत नाही, तिने आपल्याला काय होते ते कोणत्या शब्दांत सांगावे?

शास्त्रीय परिभाषेत याला ‘रजोनिवृत्ती’ म्हणावे, तर अडचण उलट दिशेने येते. ‘निवृत्ती’ हा मराठी मनाला अत्यंत प्रिय शब्द. प्रवृत्तीचा भोग पुरा झाल्यावर येणारी पक्वता, स्वेच्छेने आवरते घेणे, संतपरंपरेचे पावित्र्य, इतके सारे अर्थ त्याच्याभोवती आहेत. वर्षानुवर्षे हळूहळू मंदावत थांबणाऱ्या पाळीला तो कदाचित शोभेल. शस्त्राने एका दुपारी घडविलेल्या खंडाला तो लावणे म्हणजे आघाताला वैराग्याचे वस्त्र नेसविणे होय. अशा शब्दाने वाचकाची सहानुभूती जागी होण्याऐवजी निजते.

उपचाराच्या नावातही हाच पेच आहे. हार्मोनला मराठीने ‘संप्रेरक’ हा शब्द दिला, आणि स्टार्लिंगने १९०५ मध्ये रूढ केलेल्या मूळ शब्दातील ‘चालना देणे’ हा ग्रीक अर्थ त्यात नेमका उतरला आहे. मात्र ‘रिप्लेसमेंट’चे काय करावे? १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकात इस्ट्रोजेनला चिरतारुण्याचे औषध ठरविले. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा संयुक्त संप्रेरकांचा भाग धोके दिसल्यामुळे थांबविण्यात आला, आणि आशेची जागा भीतीने घेतली. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे मात्र त्या भीतीत विसरले गेले. चाळिशीच्या आत बीजांडकोश गमावलेल्या स्त्रीला तिचे शरीर एरवी जे निर्माण करीत राहिले असते तेच, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, परत दिले जाते. गर्भाशय नसल्याने तिला बहुधा केवळ इस्ट्रोजेन पुरते. ‘प्रतिस्थापन’ हा शब्द अक्षरशः तिच्याच बाबतीत खरा ठरतो. तरीही हे बसविणे सोपे नसते. गोळी, पट्टी की जेल, मात्रा किती, हे अनेक आठवड्यांच्या चाचपणीने ठरते. रबराचा पाय जसा घासून, पुन्हा बसवून, पुन्हा घासून आपला होतो, तसेच. फरक इतकाच, की ही घासणी कोणाला दिसत नाही.

ही अदृश्य घासणी वाङ्मयात आणण्याचे सामर्थ्य हिलरी मँटेल या इंग्रज कादंबरीकर्त्रीच्या ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ (२००३) या आत्मकथनात आहे. अनेक वर्षे तिच्या वेदनेला मनोविकार ठरविण्यात आले. अखेर २७ व्या वर्षी तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश दोन्ही गेले. मँटेल शस्त्रक्रियेपाशी थांबत नाही, हे या पुस्तकाचे मोठेपण. उपचारांनी पालटत गेलेला देह, मूळची सडपातळ स्त्री नाहीशी होऊन आरशात उभी राहिलेली अनोळखी आकृती, परतलेले दुखणे, आणि कधीच न जन्मलेल्या मुलीची सोबत यांना ती एकाच पातळीवर ठेवते. करुणा मागण्याचा मोह तिने कठोर विनोदाने आवरला आहे. या लेखनात औषध हा कथेतील तपशील राहत नाही. लिहिणारी कोणत्या देहातून लिहिते, या प्रश्नाचा तो भाग बनतो.

मराठीत या धैर्याची परंपरा नाही असे नव्हे. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये अविवाहित स्त्रीच्या मनाला वाचा फोडली, र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने १९२७ पासून देहाविषयी स्पष्ट मराठी घडविली. परंतु न्हाण, डोहाळे, बाळंतपण यांवर इतके लिहिणारी भाषा पाळी जाण्यापाशी आली की अबोल होते. ‘रीटा वेलिणकर’सारखी कादंबरी मराठीत लिहिणाऱ्या शांता गोखले यांनी देहाच्या आधारे सांगितलेले आपले आत्मचरित्र २०१९ मध्ये इंग्रजीत लिहिले, ही घटना मराठी समीक्षेने विचारात घ्यावी अशी आहे.

मँटेलचे पुस्तक मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाची कसोटी येथेच लागेल. ‘रजोनिवृत्ती’ लिहिले तर दौसा-बीडची स्त्री त्यात स्वतःला ओळखणार नाही. ‘पिशवी काढली’ एवढेच लिहिले तर जे सर्वांत महत्त्वाचे तेच गळेल. घरगुती शब्द टिकवून त्याच्या पोटात तो भेद घालावा लागेल. ‘पिशवी काढली, आणि बीजांडेही काढली’ असे साधे वाक्य सहजपणे बोलणारी नायिका मराठी कथेत येईल, तेव्हा या विषयाला वाङ्मयाचे माप मिळू लागले असे म्हणता येईल.