खिंडीतील माणसे

गेल्या पावसाळ्यात महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांना घेऊन मी दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो होतो. आदल्या रात्री या मंडळींनी दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ हा चित्रपट पुन्हा एकवार पाहिला होता. त्यामुळे चढणीवर बोलणे त्याचेच चालले होते. ‘अंधारी’ म्हणून जो भुयारी मार्ग आहे त्याच्या तोंडाशी आम्ही विसावलो असता त्यांतील एकाने विचारले, “सर, अमेरिकेच्या चित्रपटांत सुपरहिरो एकत्र येतात. तसे बाजीप्रभू, रायाजी, शिवा काशीद हे आपले सुपरहिरोच नव्हेत काय?” प्रश्न भाबडा होता, परंतु प्रेमातून आलेला होता, आणि म्हणूनच तो झटकून टाकणे मला बरे वाटले नाही. चढताना उत्तर सुचले नाही. उतरताना जे सुचले, त्याचाच हा विस्तार होय.

‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. लांजेकरांनी योजिलेल्या शिवचरित्राच्या अष्टकातील हे तिसरे पुष्प. ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) ही आधीची, तर ‘शेर शिवराज’ (२०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) ही नंतरची. या पाचही चित्रपटांत चिन्मय मांडलेकर शिवाजीमहाराज आणि मृणाल कुलकर्णी जिजाबाई झाल्या आहेत. एका चित्रपटाने दुसऱ्याचा हात धरावा, ओळखीची पात्रे पुनःपुन्हा भेटावीत, ही अमेरिकन चित्रमालिकांची रीत मराठीत अशा रीतीने प्रथमच इतक्या निष्ठेने पाळली गेली. तेव्हा विद्यार्थ्याने केलेली तुलना अगदीच अस्थानी होती, असे म्हणता येणार नाही.

वीरांची टोळी एकत्र जमविणाऱ्या कथेला तीन गोष्टी लागतात. एक, जमणारी माणसे परस्परांहून निराळी हवीत. दोन, त्यांच्या निराळेपणातून काम वाटले गेले पाहिजे. आणि तीन, त्या कामाची किंमत कोणाला तरी मोजावी लागली पाहिजे. अकिरा कुरोसावा यांनी ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) या जपानी चित्रपटात ही तिन्ही अंगे अशी सांभाळली की, पुढील कित्येक दिग्दर्शकांनी त्या शिदोरीवर आपला प्रवास केला. २०१२ सालच्या ‘अव्हेंजर्स’मध्ये पहिली दोन अंगे उत्तम साधली आहेत. त्यातील सहा जण स्वभावाने इतके भिन्न की, शत्रूशी लढण्यापूर्वी ते आपसांतच भांडून घेतात, आणि त्या भांडणातच खरी गंमत आहे. उणीव आहे ती तिसऱ्या अंगाची. जो देव आहे किंवा ज्याच्या अंगावर लोखंडाचे कवच आहे, त्याच्याविषयी प्रेक्षकाने काळजी ती कसली करावी? २०१९ साली त्या कथेच्या समारोपात सहांपैकी दोघांना मरण द्यावे लागले, तेव्हाच प्रेक्षागृहात हुंदके ऐकू आले.

पावनखिंडीच्या कथेत हे तिसरे अंग इतिहासानेच देऊन ठेविले आहे. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला होता आणि पावसाळा लागला तरी तो ढिला पडू दिला नव्हता. आषाढी पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलैस, महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गडाबाहेर पडले. विशाळगडाच्या वाटेवर गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन थांबले. तोफांचे बार ऐकू येईपर्यंत त्यांनी खिंड धरून ठेविली, अशी परंपरा आहे. ते आणि त्यांचे बंधू फुलाजी दोघेही तेथेच पडले.

या प्रसंगाचे चित्रण करताना दिग्दर्शकाने जे मिळविले आहे, त्याचा उल्लेख आधी केला पाहिजे. पहिला गुण असा की, चित्रपट एका वीराचा न राहता बांदलांच्या सबंध तुकडीचा झाला आहे. आपल्या शाळेतील धड्यात खिंडीत बाजीप्रभू जणू एकटेच उभे असतात. येथे त्यांच्याभोवती माणसे आहेत, आणि त्या माणसांच्या मागे घरे आहेत. दुसरा गुण अजय पुरकर यांचा बाजीप्रभू. त्यांच्या आवाजात आणि उभे राहण्यात वयस्क माणसाचे वजन आहे. तरुण नटाचा आवेश त्यांनी उसना आणलेला नाही. तिसरा गुण शत्रूच्या चित्रणाचा. समीर धर्माधिकारी यांनी सिद्दी जौहरला असा भारदस्तपणा दिला आहे की, वेढ्याची भीती खरी वाटते. प्रतिपक्ष थोर असल्यावाचून स्वपक्षाचा पराक्रम थोर ठरत नाही, हे नाट्यतत्त्व येथे ओळखलेले दिसते.

परंतु या चित्रपटाचा सर्वांत हृद्य भाग कोणता, असे विचाराल तर मी शिवा काशीदाचे नाव घेईन. महाराजांचा वेष घेऊन हा नाभिक तरुण पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. त्याच्यापाशी शक्ती कोणती होती? महाराजांसारखा चेहरा, एवढीच. आरशात आपला चेहरा पाहून, हा आज रात्री आपल्या मरणास कारण होणार, हे ज्याने जाणले आणि तरीही जो पालखीत बसला, त्याच्या धैर्याला कवचकुंडलांची गरज नव्हती.

आता दोषांकडे वळू. शिवा काशीदाच्या प्रसंगी दिग्दर्शकाने माणसावर जो विश्वास टाकिला, तो खिंडीत पोहोचल्यावर त्याला राहिलेला दिसत नाही. तलवारीचा एकेक वार संथगतीने दाखविला जातो, एकेक मावळा अनेकांना लोळवितो, आणि पार्श्वसंगीत क्षणाचीही उसंत न देता आपल्या अंगावर रोमांच उभे करण्याचे काम स्वतःच उरकून घेते. वास्तविक त्या माणसांनी रात्रभर चिखलातून, काट्याकुट्यांतून, कित्येक कोस धाव घेतली होती. पोटात अन्न नसेल, पायांत गोळे आले असतील, ओल्या मुठीतून तलवार निसटत असेल. थकलेल्या माणसाने खिंड धरली यातच त्या घटनेचे सारे थोरपण आहे. थकवा काढून घेतला की उरतो तो केवळ मर्दानी खेळ. थर्मोपिलीच्या खिंडीवरील ‘थ्री हंड्रेड’ या चित्रपटाने (२००७) ग्रीक वीरांचे असेच घडीव पुतळे केले होते, आणि पुतळ्यांना झालेल्या जखमांतून कोणाला वेदना होत नाहीत.

दुसरा दोष एकसारखेपणाचा. अमेरिकन टोळीतील माणसे निराळी आहेत पण मरत नाहीत. आमच्या टोळीतील माणसे मरतात पण निराळी नाहीत. निष्ठा सर्वांची सारखीच असेल. परंतु ती बोलून दाखविण्याची भाषाही सर्वांची सारखीच असावी काय? एखादा अबोल, एखादा भित्रा, एखादा घराकडे मन ओढ घेणारा असा मावळा त्या तीनशेंत नसेल, हे कसे संभवते? खुद्द बाजीप्रभूच पूर्वी बांदलांच्या पदरी राहून महाराजांच्या विरुद्ध लढले होते. विरोधकाचा प्राणार्पण करणारा सेवक कसा झाला, हा नाट्यविषय प्रथम दर्जाचा होय. त्याला येथे हवी तितकी जागा मिळालेली नाही. त्यात नटसंचाची अडचण आहे ती निराळीच. ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘सुभेदार’मधील तानाजी पुरकरच, आणि येथील बाजीप्रभूही तेच. अमेरिकन मालिकेत चेहरा ओळखीचा म्हणजे वीरही तोच. येथे चेहरा तोच पण वीर दुसरा. भाषाही एकच झाल्यावर एका वीराची ओळख दुसऱ्यात विरघळून जाते.

जिजाबाईंविषयीही थोडे म्हणावयाचे आहे. आम्ही ज्या किल्ल्यावर उभे होतो, त्याच किल्ल्यावर १६२९ साली निजामशहाच्या दरबारात त्यांचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांच्यासोबत जाधवांचे पुत्र दग्याने मारले गेले. माहेर असे एका दिवसात उजाड झालेली ही स्त्री, मुलगा वेढ्यात अडकला असता, काय काय आठवीत बसली असेल! मृणाल कुलकर्णी यांच्या अंगी हे दाखविण्याचे सामर्थ्य खचित आहे. परंतु पटकथेने त्यांना देव्हाऱ्यात बसविले आणि आईचे भय त्यांच्याकडून मागितलेच नाही.

देवगिरीची एक जुनी कथा आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा गडावर घाईने चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि रामदेवरायास तह करावा लागला, असे सांगतात. गडाचा कातळ अभेद्यच होता. उणे पडले ते धान्य. ‘पावनखिंड’ची तटबंदी भक्कम आहे, निशाण डौलाचे आहे, तोफाही गर्जतात, परंतु काही पोती उघडून पाहावीत तो मीठच हाती येते. मीठ जेवणास हवेच. आवेशाची चव नसलेला वीरपट बेचव होईल, हे मलाही मान्य आहे. केवळ त्यावर वेढा निभत नाही, इतकेच.

उतरताना त्या विद्यार्थ्यास मी म्हणालो, “ते सुपरहिरो नव्हते. अतिमानवाने खिंड लढविली तर त्यात तुझ्यामाझ्यावर काही जबाबदारी येत नाही. टाळ्या वाजवून घरी जाता येते. पण आपल्यासारख्याच हाडामांसाच्या माणसांनी ती लढविली असेल, तर मग आपण काय करतो, हा प्रश्न उरतो.” तो बराच वेळ काही बोलला नाही. खंदकावरील पूल ओलांडताना मात्र हळूच म्हणाला, “म्हणजे सर, ते खूप दमले असतील.”

पुढील चित्रपट रचताना लांजेकरांनी हे एक वाक्य जवळ ठेवावे, एवढीच माझी सूचना आहे.